दुभाष्याची जागा

फोन वाजला तेव्हा मी अण्णांचा चष्मा पुसत होते. वापरणारं कुणी नसलेला चष्मा रोज कशासाठी पुसायचा, हे मला कुणी विचारलं नव्हतं. पुसून झाल्यावर तो पुन्हा रेडिओशेजारी ठेवला की नाही, एवढंच आई पाहायची. अण्णांना जाऊन बावीस दिवस झाले होते. फोनवरचा आवाज अनोळखी आणि घाईतला होता; कन्नडमधून म्हणाला, "गुंडोराव सरांना द्या. मी कोर्टातून प्राणेश बोलतोय. उद्या साडेदहाला एक मराठी साक्षीदार आहे." हा कारकून बदली होऊन नुकताच आला असावा. अण्णांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण त्यांच्यामागे मराठी दुभाष्याची जागा भरलीच गेली नाही, त्यामुळे वर्षातून दोनचारदा असा फोन यायचा आणि अण्णा आदल्या रात्रीच कोट झटकून ठेवायचे. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. कुठल्याही भाषेत ते दोनच होतात. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, घरात मराठी बोलते, रस्त्यावर कन्नड, आणि भाषा, सत्ता आणि माणसाचं 'मी'पण या विषयावर सहा वर्षं प्रबंध लिहिते आहे. तरी ते दोन शब्द माझ्या तोंडात कुठेच नव्हते. मी म्हणाले, "त्यांना स्वल्प बरं नाही. मी त्यांची मुलगी. मी आले तर चालेल का?" पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "तुम्हाला मराठी येतं ना? मग सरी, चालेल, अक्का. वेळेवर या."

"कुणाचा फोन गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कोर्टाचा. उद्या साक्षीदार आहे."

"मग? काय सांगितलंस?"

"येते म्हणाले."

आई दारात आली. हात पदराला पुसत माझ्याकडे बघत राहिली. मी काय सांगितलं नाही, ते तिला कळलं होतं. पण ती फक्त म्हणाली, "जा मग. रिकामी बसून तरी काय करतेस," आणि आत वळली.

त्या बावीस दिवसांत ते शब्द उच्चारायची वेळ माझ्यावर एकदाही आली नव्हती, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. दवाखान्यात ते शब्द डॉक्टर बोलले. नातेवाइकांना भावाने फोन केले. मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत अशा बातम्या दुधाच्या पिशव्यांबरोबरच दारोदार जातात. कॉलेजात मी गेले तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्यांनी आधीच चेहरे तयार ठेवले होते. मी मान हलवत होते, हात हातात घेऊ देत होते, आणि माझ्या प्रबंधातलं एक वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवत होतं: माणूस बोलण्याआधी त्याच्या बोलण्याची जागा तयार असते, तो नुसता येऊन तिच्यात उभा राहतो. दोन वर्षांपूर्वी हे वाक्य मी अण्णांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं होतं. परदेशी पुस्तकांच्या झेरॉक्स प्रती जेवणाच्या टेबलावर पसरून मी म्हणाले होते की 'मी' ही काही आपल्या मालकीची वस्तू नाही, ती एक रिकामी खुर्ची आहे, जो बोलतो तो तेवढ्यापुरता तिच्यात बसतो, आणि कुणाला बसू द्यायचं हे सत्ता ठरवते. अण्णांनी सगळं नीट ऐकलं. ताकाचा पेला संपवला. मग म्हणाले, "हे आम्ही रोजच करत होतो, हेमा. साडेदहा ते साडेपाच. मधे जेवणाची सुट्टी." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मला तेव्हा थोडा राग आला होता.

कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. अण्णांच्या कामाचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुणा वयस्कर दुभाष्याकडून घेतला होता. साक्षीदार मराठीत जे बोलेल ते त्याच्या जागी उभं राहून इंग्रजीत बोलायचं. 'साक्षीदार असं म्हणतो' हे शब्द लावायचे नाहीत. साक्षीदार म्हणाला, मी पाहिलं, तर दुभाष्याने म्हणायचं, मी पाहिलं. तो म्हणाला, मी चोरलं, तर दुभाष्याने भरकोर्टात म्हणायचं, मी चोरलं. शिव्या असतील तर शिव्या. अडखळला असेल तर अडखळणंसुद्धा. "ज्याचं जेवढं मळलेलं असेल तेवढंच मळलेलं पुढे करायचं," ते म्हणायचे, "धुणं हे आपलं काम नव्हे." या नियमाचा आमच्या घरात एक खेळ झाला होता. आईने मला निरोप देऊन बाहेरच्या खोलीत पाठवलं आणि मी सांगितलं, "आई म्हणते, जेवायला या," की अण्णा पेपरावरून डोळे न काढता उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे. याचा अर्थ, चुकलं. मग मी कमरेवर हात ठेवून आईच्या आवाजात म्हणायची, "अहो, कान फुटले का तुमचे? भात निवतोय तिकडे!" आणि ते लगबगीने उठून मला, सात वर्षांच्या मुलीला, म्हणायचे, "आलो गं, आलो, रागावू नकोस." ते उत्तर घेऊन मी पुन्हा आत पळायची. आईला हा खेळ मुळीच आवडत नसे. तिची भांडणं मी तिच्यापेक्षा चांगली करते, अशी तिची तक्रार होती.

एरवी अण्णा स्वतःविषयी जवळजवळ काहीच बोलत नसत. काय आवडतं विचारलं तर म्हणत, काहीही चालेल. दुखतं का विचारलं तर म्हणत, दुखणारच. दिवसभर इतक्या लोकांचं 'मी' तोंडातून गेल्यावर घरी आणायला स्वतःचं काही उरतच नसेल, असं मला लहानपणी वाटायचं. ते घरी येत तेव्हा त्यांच्या श्वासाला लवंगेचा वास असे. घसा बसू नये म्हणून ते लवंगेची एक पितळी डबी खिशात ठेवत. मला मात्र तो वास म्हणजे परक्या माणसांचा वास वाटे. जणू दिवसभरातले सगळे चोर, भाऊबंद, सासवा आणि शेजारी तोंडातून गेल्यावर मागे उरलेला.

आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एक वाक्य होतं, जे मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी नऊ वर्षांची होते. कुणी पुढारी वारले म्हणून शाळा अर्ध्यातून सुटली, घराला कुलूप होतं, म्हणून शेजारच्या काकांनी मला कोर्टात अण्णांकडे सोडलं. मला मागच्या बाकावर बसवण्यात आलं. लाकूड थंड होतं आणि माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. पुढे पिंजऱ्यात एक माणूस मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होता. ते मला ऐकू येत नव्हतं. त्याच्या शेजारी अण्णा उभे होते. त्यांचा आवाज स्वच्छ होता, आणि कॉन्व्हेंटमुळे मला इंग्रजी चांगलं कळत होतं. अण्णा म्हणाले, "मी तिला बसस्टँडवर सोडलं. ती तीन वर्षांची होती. मला मुलगी नको होती. मी मागे वळून पाहिलं नाही." मला नियम माहीत होता. तो खेळ मी रोज खेळत होते. हे त्या माणसाचं बोलणं आहे, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. पण कळणं एका बाजूला राहिलं आणि आवाज दुसरीकडे आत गेला. संध्याकाळी अण्णांनी बेकरीतून लोण्याची बिस्किटं घेतली. रस्ता ओलांडताना मी त्यांचा हात धरला नाही. त्यांनी तो पुढे केला होता. मग हळूच मागे घेतला, आणि घरापर्यंत माझ्या अर्धं पाऊल मागून चालत आले. यावर आम्ही कधी बोललो नाही. पुढे मी एवढी जाड पुस्तकं वाचली, बोलणारा आणि बोलणं यांच्यातला संबंध तोडणारी, आणि ती वाचताना मला जो अधीर आनंद व्हायचा तो बुद्धीचा आहे असं मी समजत असे. खरं तर मी एका वाक्यापासून माझ्या बापाला सोडवत होते.

दुसऱ्या दिवशी निघताना आईने माझ्या पर्समध्ये काहीतरी टाकलं. बसमध्ये बसल्यावर पाहिलं, तर लवंगेची डबी.

कोर्टातलं बाक तेच होतं. आता माझे पाय जमिनीला टेकले. बेंच क्लार्क उमाकांत यांनी मला पाहिलं आणि फायली बाजूला ठेवून उठून आले. ते अण्णांच्या हाताखाली नोकरीला लागले होते, आता त्यांची स्वतःची निवृत्ती जवळ आली होती. "हेमा, काय हे, म्हाताऱ्याने तुला पाठवलं?" ते कन्नडमधून म्हणाले. "काय झालंय त्याला? गुडघे?" मी कशीतरी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच कळलं नाही. "सांग त्याला, तुझ्यावाचून इथे मराठी माणूस मुका आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू इथे आधी एकदा आली होतीस. आठवतं? इतकीशी होतीस. तुला आत बसवणारा मीच. मूर्खपणा केला. मला कुठे माहीत, कुठली केस चाललीय." मी म्हणाले, आठवतं. "तुझा बाप बोलता बोलता मधेच मागे वळला, आणि तू दिसलीस. त्याने पाणी मागितलं. एवढ्या वर्षांत बोलता बोलता पाणी मागितलेलं मी एकदाच पाहिलं. तेव्हाचे साहेब भले होते, त्यांच्याही लक्षात आलं. म्हणाले, गुंडोराव, आज हवं तर 'आरोपी म्हणतो' असं लावून सांगा. तर हा काय म्हणाला माहितेय? म्हणाला, साहेब, तसं लावलं की ते त्याच्या अंगावरून निसटेल. ती पोर त्यानेच सोडलीय, तर ते त्याच्याच जागेवरून बोललं गेलं पाहिजे. पाणी प्यायला आणि पुन्हा सुरू झाला." उमाकांत हसले. "असा हट्टी. बरं वाटलं की येऊ दे त्याला एकदा कॉफीला."

तेवढ्यात एक माणूस समोर आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, वय सत्तावीस-अठ्ठावीस. म्हणाला, "मॅडम, तुम्ही इंटरप्रीटर ना? मी शुभंकर. साक्ष माझ्या आईची आहे. आम्ही वर्ध्याकडचे, ती जरा गावठी बोलते. प्लीज, तुम्ही थोडं नीट करून सांगा ना. जज्जसमोर ऑड नको वाटायला." त्याच्यामागे नऊवारीतली एक बुटकी बाई उभी होती, मथुराबाई. तिने मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नीट म्हंजे कसं जी?" ती म्हणाली. "म्या पाह्यलं तसंच सांगीन ना." मी म्हणाले, "तसंच सांगा. मीही तसंच सांगेन." शुभंकर ओशाळून घड्याळाकडे बघू लागला.

केस साधी होती. दोन वर्षांपूर्वी के. आर. पुरमला स्टेशनच्या रस्त्यावर सकाळी एका लॉरीने एका सायकलवाल्याला उडवलं होतं. तो फुलं घेऊन बाजारात चालला होता. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मथुराबाईंना मुलाकडे येऊन आठच दिवस झाले होते आणि त्यांना पहाटे उठून दारात उभं राहायची सवय होती. लॉरीवाल्याचं म्हणणं, सायकलच आडवी आली आणि माणूस जागच्या जागी गेला. मी पिंजऱ्याच्या शेजारी, अण्णा उभे राहत तिथे, उभी राहिले. जमिनीवरच्या फरशीचा तेवढाच तुकडा गुळगुळीत झालेला होता. माझी शपथ झाली. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, "वडिलांची प्रकृती?" मी पुन्हा तशीच मान हलवली. मथुराबाईंची शपथ झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या सकाळी तुम्ही काय पाहिलं? मथुराबाई म्हणाल्या, "म्या दारात उभी होती. लारी आली, लय जोरात. त्याले उडवलं अन् थांबलीच नाई." मी इंग्रजीत सुरुवात केली, "साक्षीदार म्हणते, की ती दारात..."

उमाकांतांनी खालून माझ्याकडे पाहिलं, आणि पेन धरलेल्या हाताचं पहिलं बोट वर केलं.

काही क्षण मला ते कोर्ट दिसेनासं झालं. मला दिसला दवाखान्यातला हिरवा पडदा, नळ्या, आणि अण्णांचा हात. रात्रीपासून त्यांच्या छातीत कळा येत होत्या. डॉक्टर नवीन होता, इंग्रजीत भराभर विचारत होता, कुठे दुखतंय, कधीपासून, कसं. अण्णांना पाच भाषा येत होत्या. त्यांनी मास्क जरा बाजूला केला आणि मला मराठीत म्हणाले, "तूच सांग." मी डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, "त्यांना छातीच्या मधोमध दुखतंय. त्यांचा डावा हात जड झालाय." चादरीवर अण्णांचं बोट वर झालं. मला वाटलं, त्यांना पाणी हवंय. मी चमच्याने पाणी घातलं. त्यांनी ते घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोट खाली ठेवलं. दोन तासांनी ते गेले. बावीस दिवस मी त्या बोटाचा अर्थ शोधत होते: काही सांगायचं राहिलं होतं का, वर कुठे बोलावत होते का, असले अर्थ, जे मी एरवी कुणाच्या तोंडून ऐकूनही घेतले नसते. आणि अर्थ घरातला होता. पेपरावरून डोळे न काढता सांगितलेला. चुकलं, हेमा. माझ्या जागी ये. तिथून सांग.

माझं दुखणं तुला सांगता येईल, तू माझ्या जागी उभी राहू शकतेस, एवढा विश्वास त्या बोटात होता, आणि मी पाणी पाजलं होतं.

"क्षमा असावी," मी साहेबांना म्हणाले. डबीतली एक लवंग तोंडात टाकली. मथुराबाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि इंग्रजीत म्हणाले, "मी दारात उभी होते. लॉरी फार जोरात आली. तिने त्याला उडवलं आणि ती थांबलीच नाही." स्टेनोची बोटं चालू लागली. मग सगळंच सोपं झालं. सोपं म्हणजे पाण्यात पडल्यावर हात हलवणं सोपं होतं तसं. मी धावत गेले. मी चप्पल घातली नव्हती. फुलं सगळ्या रस्त्यावर होती, पिवळी. मी त्याच्या डोक्याखाली हात ठेवला. मी ओरडले, पण मी कुठल्या भाषेत ओरडणार, मला इथली भाषा येत नव्हती, मी नुसती ओरडले. माझ्या आवाजात हे सगळं बाहेर पडत होतं, आणि मी त्या रस्त्यावर कधीही उभी नव्हते, आणि होते. माझ्या तळव्याला केसांचा ओला भार जाणवत होता. पुस्तकांत मी वाचलं होतं की 'मी' ही रिकामी जागा आहे, आणि त्या रिकामेपणाचं मला वर्षानुवर्षं एक थंड कौतुक वाटत आलं होतं. ती रिकामी आहे म्हणूनच तिच्यात कुणालाही घेता येतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. अण्णांनी सांगितलं होतं बहुतेक. साडेदहा ते साडेपाच. या फरशीवर उभं राहून त्यांनी किती जणांना आत घेतलं असेल: खोटं बोलणारे, थरथरणारे, मुलगी टाकून आलेला तो माणूस. नऊ वर्षांची मुलगी मागच्या बाकावर बघत असताना, तिच्या मनातून आपण कायमचे उतरू हे कळत असताना, त्यांनी त्या माणसाला त्याच्या वाक्यातून पळू दिलं नव्हतं. आणि त्यासाठी स्वतः आत उभे राहिले होते. मंदिराच्या गाभाऱ्यात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसा माझा आवाज खाली आला. साहेब म्हणाले, "जरा मोठ्याने, मॅडम."

मग लॉरीवाल्याचे वकील उठले. हसतमुख होते, गाऊन सावरत म्हणाले, "बाई, तुम्हाला कन्नड येत नाही. त्याला मराठी येत नव्हतं. म्हणजे तो तुमच्याशी काही बोलला नाही. तो आधीच गेलेला होता, होय ना?" मी ते मराठीत केलं, त्यांच्या हसण्यासकट. मथुराबाई माझ्याकडे नाही, वकिलांकडे बघून म्हणाल्या, "बोलला जी. जिता होता तो. दोनदा बोलला."

"काय बोलला?" साहेबांनीच विचारलं.

"आता मले काय ठाव. मले त्याचा अर्थ नाई येत. आवाज ठाव हाये." मी सांगितलं: मला अर्थ येत नाही. मला आवाज माहीत आहे.

"आवाज सांगा."

मथुराबाईंनी डोळे मिटले. दोन वर्षं कुणी कनवटीला जपून ठेवलेली वस्तू काढावी तसे त्यांनी ते शब्द काढले, वऱ्हाडी जिभेने पण एकही अक्षर न सांडता, आणि त्या माणसाच्या धापेसकट. "मनेगे हेळी," त्या म्हणाल्या. थांबल्या. "मनेगे हेळी."

याचं काहीच करायची गरज नव्हती. कोर्टातल्या प्रत्येकाला ते कळलं: साहेबांना, स्टेनोला, वकिलांना, दारातल्या शिपायाला. ते कळलं नव्हतं फक्त जिने ते इथवर आणलं होतं तिला. टाइपरायटर थांबला होता. मथुराबाई डोळे उघडून सगळ्यांचे चेहरे बघू लागल्या, आणि घाबरल्या. "काय वो बाई, काई चुकीचं बोलली का मी? काय म्हनला होता तो?"

मी त्यांना मराठीत सांगितलं. "घरी सांगा."

त्यांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. मग म्हणाल्या, "मंग? सांगतलं का कोनी?"

नियमाप्रमाणे मी तो प्रश्न इंग्रजीत केला, आणि मग, मला कुणी सांगितलं नसताना, कन्नडमध्येही केला. "मग? कुणी सांगितलं का?" माझ्या मागे बाकाचा आवाज झाला. मी वळले. शेवटच्या बाकावरून एक बाई उठून उभी राहिली होती. चाळिशीची, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. उमाकांतांनी मला नंतर सांगितलं की ती फुलवाल्याची बायको. दोन वर्षं प्रत्येक तारखेला येऊन त्याच जागी बसत होती. ती रडत नव्हती. हाक मारल्यावर माणूस उभं राहतं तशी नुसती उभी होती. मथुराबाईंनी तिला पाहिलं आणि त्यांना समजावून सांगायला लागलं नाही. पिंजऱ्यातून त्यांनी हात जोडले. आपल्याला उशीर झाला म्हणून माफी मागावी तसे. साहेबांनी बराच वेळ तिला खाली बसा म्हटलं नाही. वकील आपल्या कागदांत बघत होते. "आणखी काही विचारायचं नाही," ते शेवटी म्हणाले.

जबानी टाइप होऊन आली. ती मी मथुराबाईंना मराठीत वाचून दाखवली. त्या प्रत्येक वाक्याला 'हो जी' म्हणत होत्या. त्यांचा अंगठा झाला. शुभंकर त्यांना धरून खाली घेऊन गेला. जाताना त्याने माझ्याकडे बघून मान लववली. मग उमाकांतांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. खाली दुभाष्याच्या सहीसाठी ओळ होती, आणि सवयीने कुणीतरी तिच्याखाली नाव आधीच टाइप करून ठेवलं होतं: गुंडोराव. "ते खोडून तुझं लिही," उमाकांत म्हणाले. "नाहीतर असं कर, रिकामं ठेव, म्हातारा बरा झाला की येऊन सही करेल. त्यालाही बाहेर पडायला निमित्त." साहेब उठता उठता थांबले होते. इंग्रजीत म्हणाले, "हो, माझाही नमस्कार सांगा त्यांना. सांगाल ना?"

सांगा. तूच सांग. मी पेन हातात धरून त्या गुळगुळीत फरशीवर उभी होते. आमच्या घरच्या नियमाप्रमाणे निरोप ज्याचा त्याच्या जागेवरून द्यायचा असतो. तसा मी तो मनात लावून पाहिला, अण्णांच्या आवाजात, लवंगेच्या वासात, आणि मला जाणवलं की तो तसा देताच येत नाही. माणसाला स्वतःविषयी सगळं बोलता येतं, कबूल करता येतं, नाकारता येतं. हे एवढं एकच वाक्य आहे जे ज्याचं आहे त्याला कधीच बोलता येत नाही. त्यासाठी प्रत्येकाला दुसरं कुणीतरी लागतं. एवढ्या लोकांचं 'मी' ज्याने वाहिलं त्या माणसालासुद्धा शेवटी एक दुभाषी लागला होता, आणि त्याने मास्क बाजूला सारून तो निवडला होता.

मी टाइप केलेल्या नावावर रेघ ओढली. त्याच्या वर माझं नाव लिहिलं, पूर्ण, त्यांच्या नावासकट.

"अण्णा गेले," मी म्हणाले. आधी मराठीत. मग उमाकांतांसाठी कन्नडमध्ये. मग साहेबांकडे वळून, मोठ्याने, इंग्रजीत.

कुणीही बोट वर केलं नाही.